आधी बोटे बसू द्या, मग स्पीड मोजा

संपादक महोदय,

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की चौकाचौकात टायपिंग क्लासचे फ्लेक्स लागतात. ‘महिन्यात ४० चा स्पीड’, ‘स्पीड निघाला नाही तर फी परत’. पालकही क्लासच्या पायरीवरूनच विचारतात, स्पीड कधी निघेल? त्यांचेही चुकत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची अट असते, आणि तो आकडा गाठला की टायपिंग आले असे सगळ्यांनीच धरून ठेवले आहे. टायपिंग शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे उलटे आहे. पहिले सहा आठवडे स्पीड हा शब्द क्लासमध्ये निघूच नये. आणि मराठी टायपिंग शिकायचे असेल तर कोणत्या कीबोर्डने शिकायचे हे पहिल्या दिवशी ठरवावे. बहुतेक घरांत हे कोणी ठरवतच नाही.

स्पीडचा हिशेब आधी समजून घेऊ. परीक्षेत शब्द म्हणजे डोळ्यांना दिसणारा शब्द नव्हे, तर पाच स्ट्रोक, म्हणजे बटणाचे पाच दाब. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत इंग्रजी ३५ शब्द म्हणजे तासाला १०,५०० स्ट्रोक आणि हिंदी ३० शब्द म्हणजे ९,००० स्ट्रोक, असे सरळ लिहिलेले असते. ४० शब्दांसाठी मिनिटाला २०० स्ट्रोक लागतात, म्हणजे सेकंदाला तीनपेक्षा थोडे जास्त. मोबाईलवर अंगठे चालवणारी मुले दोन बोटांनीही एखादे मिनिट एवढे बडवतात. म्हणूनच ‘दोन बोटांनी माझा स्पीड चांगला आहे’ हा गैरसमज होतो. पॅसेज समोर ठेवून सलग दहा मिनिटे टाईप करायला सांगा. नजर कागदावरून बटणांवर, बटणांवरून पडद्यावर आणि परत कागदावर फिरते. परत येताना ओळ सापडत नाही, एखादी अख्खी ओळ गळते किंवा दोनदा येते. बोटे कमी पडत नाहीत, नजरेच्या येरझाऱ्यांत वेळ जातो. टच टायपिंगमध्ये, म्हणजे बटणांकडे न बघता टाईप करण्यात, या येरझाऱ्याच बंद करायच्या असतात.

त्यासाठी बोटांना घर हवे. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो. डाव्या हाताची तर्जनी एफवर, उजवीची जेवर. मग डावीकडे करंगळीपासून ए, एस, डी, एफ आणि उजवीकडे तर्जनीपासून जे, के, एल व अर्धविराम. दोन्ही अंगठे स्पेसबारवर. तर्जनीकडे दोन-दोन रांगा: डावीकडे आर, एफ, व्ही, टी, जी, बी, उजवीकडे यू, जे, एम, वाय, एच, एन. मधल्या बोटाकडे डावीकडे ई, डी, सी आणि उजवीकडे आय, के, स्वल्पविराम. अनामिकेकडे डब्ल्यू, एस, एक्स आणि ओ, एल, पूर्णविराम. करंगळ्यांच्या वाट्याला कडेची सगळी बटणे येतात. क्लासमधल्या जुन्या कीबोर्डवर एफ-जेचे उंचवटे झिजून गुळगुळीत झालेले असतात, तिथे मुलांचा हात एक घर सरकतो आणि अख्खी ओळ भलतीच उमटते. फेविक्विकचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब दोन्ही बटणांवर वाळू दिला की काम भागते. अक्षरे पुसली गेलेला कीबोर्ड मात्र बदलू नका, शिकायला तोच उत्तम.

रांगा सरळ उभ्या नसून तिरक्या आहेत, हे शिकवताना सांगितले जात नाही. टाईपरायटरमध्ये प्रत्येक बटणाखाली दांडी होती आणि दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून बटणे सरकवून बसवली होती. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला. त्यामुळे दोन्ही हातांना वरच्या ओळीला जाताना डावीकडे आणि खालच्या ओळीला येताना उजवीकडे जावे लागते. बी हे बटण डाव्या तर्जनीला सर्वांत लांब पडते, म्हणून मुले ते उजव्या हाताने मारतात. इंग्रजीत खपून जाते. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत (तिच्याबद्दल पुढे सांगतो) त्या बटणावर ‘व’ आहे आणि ‘व’ सतत लागतो, तेव्हा ही सवय नडते.

सर्वांत जास्त चुका शिफ्टच्या. नियम सोपा आहे: अक्षर ज्या हाताचे, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताची. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांना उजवी शिफ्ट असते हेच ठाऊक नसते. ते कॅप्स लॉक लावून एक अक्षर टाईप करतात आणि परत काढतात, म्हणजे एका अक्षराला तीन स्ट्रोक.

सराव रोज ३० ते ४० मिनिटे, मध्ये पाच मिनिटे हात मोकळे करून. रविवारी तीन तास बसून आठवडाभराची भरपाई होत नाही. पहिला आठवडा फक्त मधली ओळ, मग वरची, मग खालची, आकडे सर्वांत शेवटी. ओळ बदलली की बोट घरी परत आले पाहिजे, हे शिक्षकाने बोटांकडे बघून तपासायचे असते, पडद्याकडे बघून नव्हे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत शंभरात पाचपेक्षा जास्त स्ट्रोक चुकत असतील तर पुढचा धडा देऊ नये. बॅकस्पेस या काळात बंदच ठेवावी. चूक झाली की मागे जायचे ही सवय एकदा लागली की उजवी करंगळी आपोआप तिकडे धावते, बरोबर टाईप झालेले अक्षरही खोडते. आणि बॅकस्पेस चालत नसलेल्या परीक्षेत हात अडखळतो. मुले खाली बघत असतील तर हातांवर हातरुमाल टाका. उपाय जुना आहे, पण चालतो.

बसण्याकडे कोणी लक्ष देत नाही. कोपर साधारण काटकोनात, मनगट हवेत आणि सरळ, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. कीबोर्डच्या मागचे दोन पाय उघडून तो उंच करू नका, त्याने मनगट मागे वाकते आणि महिन्याभरात दुखू लागते. घरी जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला तर तो बहुधा उंच पडतो. खुर्चीवर उशी घ्या आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. लॅपटॉपवर शिकणाऱ्यांचा तळवा टचपॅडला लागतो आणि कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो. साधा सुटा कीबोर्ड जोडावा, त्यासाठी महागातला लागत नाही.

कॉम्प्युटर बिघडला म्हणून रडत येणाऱ्या मुलांचे कॉम्प्युटर बहुतेक वेळा धड असतात. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीज सुरू करायचे का, अशी खिडकी येते. घाईत ‘हो’ म्हटले की शिफ्ट चिकटल्यासारखी वागते. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली तर फिल्टर कीजची खिडकी येते, आणि ते चालू झाले की पटापट मारलेली अक्षरे उमटतच नाहीत. विचार करताना शिफ्टवर करंगळी टेकवून बसणाऱ्यांना हा अनुभव नक्की येतो. इन्सर्ट चुकून दाबले गेले की काही प्रोग्राममध्ये नवे अक्षर पुढचे अक्षर गिळते. आकडे उमटत नसतील तर आधी नम लॉक पाहा. त्या उजवीकडच्या आकड्यांच्या ठोकळ्यावरही पाचवर उंचवटा असतो: तर्जनी चारवर, मधले पाचवर, अनामिका सहावर, अंगठा शून्यावर. बँकेत किंवा दुकानात नोंदी करणाऱ्याला पॅसेजपेक्षा हा ठोकळाच जास्त पोसतो.

आता मराठीकडे वळू. मराठीसाठी आज तीन वाटा दिसतात. पहिली रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाईपरायटरची मांडणी. दुसरी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाईप करायचे आणि पडद्यावर देवनागरी उमटते. तिसरी इनस्क्रिप्ट, म्हणजे केंद्र सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली भारतीय लिपींची प्रमाण मांडणी. नव्याने शिकणाऱ्याने तिसरीच घ्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. फोनेटिक मोबाईलवरच्या चार ओळींना ठीक आहे, पण न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष यांतले नेमके कोणते उमटले ते दर वेळी पाहावे लागते, सुचवलेल्या शब्दांतून निवडावे लागते. नजर कागदावरून उचलावी लागली की टच टायपिंग संपले.

इनस्क्रिप्टसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज १० किंवा ११ च्या सेटिंगमध्ये वेळ व भाषा या भागात मराठी भाषा जोडायची; कीबोर्डच्या यादीत ‘मराठी’ आणि ‘मराठी फोनेटिक’ असे दोन दिसले तर पहिला ठेवायचा. विंडोजचे बटण धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

मांडणी बाराखडी येणाऱ्याला एका बैठकीत कळते. डाव्या हाताकडे स्वर, उजव्याकडे बहुतेक व्यंजने. डाव्या तर्जनीखाली घरच्या ओळीत पहिली वेलांटी, तिच्याच वर दुसरी वेलांटी. शेजारी पहिला उकार, त्याच्या वर दुसरा. अनामिकेखाली एक मात्रा, वर दोन मात्रा. करंगळीखाली ओकार, वर औकार. मधल्या बोटाखाली पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्याच्या वर काना. शिफ्टसह तीच बटणे इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, अ, आ हे पूर्ण स्वर देतात. उजवीकडे घरच्या ओळीत प, क, त, च, ट ही कठोर व्यंजने, त्यांच्या वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड ही मृदू, आणि शिफ्ट दाबली की फ, ख, थ, छ, ठ किंवा भ, घ, ध, झ, ढ. एवढ्यात पाच वर्गांतली वीस व्यंजने झाली. राहिलेल्यांत म, न, व, ल, स, य खालच्या ओळीत, र घरच्या ओळीत उजव्या तर्जनीखाली, ह वरच्या ओळीत. व्यंजन उजव्या हाताने आणि काना-मात्रा डाव्या हाताने, असा हात आलटून-पालटून चालतो, म्हणून लय लवकर बसते.

टाईपरायटरपासूनचा खरा फरक क्रमाचा आहे. इनस्क्रिप्टमध्ये जसे उच्चारतो तसे टाईप करायचे. ‘किरण’मधली वेलांटी दिसते क च्या आधी, पण मारायची क च्या नंतर. ‘धर्म’मधला रफार म च्या डोक्यावर दिसतो, पण मारायचा ध नंतर: र, पायमोड, म. ‘महाराष्ट्र’ म्हणजे म, ह, काना, र, काना, ष, पायमोड, ट, पायमोड, र असे दहा स्ट्रोक, त्यात फक्त ष ला शिफ्ट. परीक्षेच्या हिशेबात हा एक शब्द नसून दोन शब्द होतात, हेही मुलांना सांगावे. म्हणजे जोडाक्षरांचा पॅसेज दिसल्यावर वाटणारी धास्ती कमी होते.

अडचणी कुठे येतात तेही सांगायला हवे, कारण इनस्क्रिप्टचे गुण गाणारे त्या लपवतात. म, न, व ही तीन व्यंजने डाव्या हाताकडे आहेत. म खालच्या ओळीत आणि काना वरच्या ओळीत, दोन्ही डाव्या मधल्या बोटाचे. म्हणजे ‘मामा’, ‘माणूस’, ‘माहिती’ यांतला प्रत्येक ‘मा’ म्हणजे एकाच बोटाची खालून वर उडी. ‘नि’ आणि ‘वि’चेही तसेच, दोन्ही डाव्या तर्जनीचे. सरकारी मराठीत निर्णय, नियम, विभाग, विषय, विनंती यांची रेलचेल, त्यामुळे २५ च्या आसपास स्पीड अडकतो तो हमखास इथे. मुलांना वाटते आपला हात जड आहे. त्यावर उपाय एकच, या तीन जोड्यांचा वेगळा सराव: रोज पाच मिनिटे, मुद्दाम संथ, ‘मा नि वि’ एका ठेक्यात. पंधरवड्यात फरक जाणवतो.

दुसरी अडचण शिफ्ट उशिरा सुटण्याची. ‘शाळा’ टाईप करताना श ला डावी शिफ्ट, काना विनाशिफ्ट, ळ ला परत डावी शिफ्ट, परत काना. करंगळी शिफ्टवर रेंगाळली तर कान्याऐवजी आ उमटतो आणि ‘शआळआ’ असे काहीतरी दिसते. ळ, ण, श ही तिन्ही शिफ्टची अक्षरे मराठीत पदोपदी येतात. ण ला तर शिफ्ट उजवी लागते. ‘पाणी’, ‘शाळा’, ‘वेळ’, ‘आणि’ हे चार शब्द शंभर वेळा आले की करंगळ्या वळणावर येतात. क्ष, ज्ञ, त्र, श्र आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह तयार मिळतात. यातला ज्ञ तेवढा तिथून घ्यावा, कारण ञ उजव्या करंगळीला फार लांब पडतो; बाकीची जोडाक्षरे पाय मोडूनच करावीत, हात घर सोडत नाही.

काही चुका तर डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाईप केला तर कागदावर फरक कळत नाही, पण कॉम्प्युटरला तो शब्द तुटलेला दिसतो आणि शोधल्यावर सापडत नाही. विसर्गाचे चिन्ह शून्याच्या शेजारच्या आडव्या रेघेच्या बटणावर शिफ्टसह आहे. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला र वेगळा आहे: र च्याच बटणावर शिफ्ट, मग पायमोड, मग य किंवा ह. साधा र घेतला तर ‘दुसर्या’ होते, आणि असे अशुद्ध शब्द आता छापील फलकांवरही सर्रास दिसतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. अ वर चंद्र चढवून केलेला तसाच दिसणारा ‘अॅ’ कॉम्प्युटरच्या लेखी दोन चिन्हे. दोघांनी दोन तऱ्हेने ‘ॲड.’ टाईप केलेल्या यादीत निम्मे वकील शोधात सापडत नाहीत ते यामुळे.

रेमिंग्टनवर आयुष्य काढलेल्यांना आम्ही इनस्क्रिप्टकडे ढकलत नाही. पन्नाशीत बोटांचे वळण मोडणे म्हणजे हातचा स्पीड घालवणे. रेमिंग्टनच्या मांडणीनेच युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची समान पद्धत, उमटवणारी साधने मिळतात, ती वापरावीत. बदलायचे ते फॉन्टचे जुने प्रकरण: कृतिदेवसारख्या फॉन्टमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात, कारण आतून ती तशीच साठवलेली असतात. युनिकोडमध्ये टाईप केलेले पत्र फोनवरही वाचता येते. आणखी दोन सवयी टाईपरायटरवरून आल्या आहेत. ओळ संपली की एंटर मारणे, ज्याने मजकुरात एक शब्द वाढवला की सगळी पाने विस्कटतात. आणि इंग्रजीत एक या आकड्याऐवजी छोटा एल टाईप करणे, कारण बऱ्याच टाईपरायटरवर एकचे बटणच नसे. बेरीज जुळत नाही म्हणून तासभर शोधाशोध होते, आणि शेवटी असा एखादा एल सापडतो. टाईपरायटरसारखे ठोकूही नये. कॉम्प्युटरचे बटण हलक्या दाबाने चालते. जोरात मारल्याने स्पीड वाढत नाही, बोटांचे सांधे दुखतात.

शाळांनी यात हात घातला तर क्लासवरचा निम्मा भार कमी होईल. पाचवी-सहावीत मुलांचा पंजा कीबोर्डवर नीट पसरतो. कॉम्प्युटरच्या तासातली पहिली पंधरा मिनिटे, एक सहामाही इंग्रजी आणि पुढची इनस्क्रिप्ट, एवढे पुरे. त्याला मार्क ठेवू नयेत, नाहीतर तिथेही स्पीडची शर्यत सुरू होईल. दोन्ही भाषा एकाच महिन्यात सुरू करू नयेत, हे मात्र क्लासवाल्यांनीही पाळावे. इंग्रजीचा हात किमान दोन महिने बसल्यावर मराठी धरली तर घरची ओळ तीच राहते आणि फक्त अक्षरे नवी लागतात.

भरती काढणाऱ्या कार्यालयांकडे आमची एक मागणी आहे. ‘मराठी ३० शब्द’ एवढेच न लिहिता चाचणी कोणत्या मांडणीवर, कोणत्या फॉन्टमध्ये, किती मिनिटांची, बॅकस्पेस चालेल की नाही आणि चूक कशी मोजणार, हे मूळ जाहिरातीतच छापावे. हॉल तिकिटासोबत हे कळले तर रेमिंग्टनवर सहा महिने घासलेल्या उमेदवाराला दहा दिवसांत इनस्क्रिप्ट शिकता येत नाही. चाचणीच्या दिवशी पॅसेज सुरू होण्याआधी निदान पाच मिनिटे त्याच कीबोर्डवर हात फिरवू द्यावा. प्रत्येक कीबोर्डची शिफ्ट आणि एंटर वेगळ्या मापाची असते, आणि बटण अडकते की नाही तेही त्या पाच मिनिटांतच कळते.

आपले,
संगणक टंकलेखन शिकवणारे काही निदेशक,
सातारा